दोन रिमोट नोकऱ्या एकाच वेळी, गुपचूप: कुणी केलंय का?

उंबरठा (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.
मी बॅकएंड डेव्हलपर, नोकरी पूर्ण रिमोट. काम आहे पण दिवसभर पुरेल इतकं नाही, दुपारनंतर मी नुसता चॅटमधला हिरवा ठिपका राखत बसलेला असतो. आता दुसरीकडून ऑफर आलीये, तीही रिमोट, तीही फुलटाइम. पहिली न सोडता दुसरी घ्यावी असं डोक्यात घोळतंय. मित्राचा एक मित्र (हो हो, नेहमीचाच तो) बरीच वर्षं असं करतोय म्हणे आणि कुणाला पत्ता नाही.
'करू नकोस, पाप आहे' नको आणि 'बिनधास्त कर रे' पण नको. नक्की कुठे अडकतं, कंपनीला कसं कळतं आणि कळल्यावर काय होतं हे ज्यांना आतून माहितीये त्यांनी लिहा प्लीज. या प्रकाराची आता स्वतःची बोली तयार झालीये, पहिली नोकरी जे-वन, दुसरी जे-टू, आणि २०२१ पासून ओव्हरएम्प्लॉइड नावाची साइटच चालते यावर, पण तिथे सगळे जिंकलेलेच भेटतात, पडलेले कुठे लिहितायत.

खुर्ची_टाकून:
वाचतोय. आमच्या टीममध्ये पण एक संशयित आहे, त्याला लिंक पाठवू का?

तिरपागडं:
मी केलंय. वर्षभराच्या आसपास. कुणी पकडलं नाही, आपणहून सोडलं.
लोकांना वाटतं काम दुप्पट होतं म्हणून माणूस मरतो. काम नाही हो मारत, मीटिंगा मारतात. कोड तुम्ही रात्री लिहा, पहाटे लिहा, कुणी विचारत नाही. पण दोन्हीकडचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) साडेदहालाच असेल तर काय कराल? मी एका कानात एक हेडफोन आणि दुसऱ्या कानात दुसरा घालून बसलेलो आहे. दोन्हीकडे माईक बंद, आणि आपला नंबर कधी येतो तेवढंच ऐकायचं, मधलं सगळं नुसतं वाहून जातं. आणि मग एके दिवशी दोघांनी एकदमच नाव घेतलं. एकीकडचा कॉल कापला, नंतर 'नेट गेलं होतं' म्हणून सांगितलं. हे कारण कधीमधी खपतं, पण सारखं सारखं नेट जायला लागलं की मॅनेजर बिचारा चांगल्या मनाने म्हणतो कंपनी तुला दुसरं कनेक्शन घेऊन देईल, आता बोला!
कॅलेंडरवर 'फोकस टाइम'चे खोटे डबे टाकून ठेवायचे, कॅमेरा लागला तर खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन खुर्च्या म्हणजे पाठीमागची भिंत वेगळी दिसते, प्रोफेशनल प्रोफाइल झोपवून ठेवायचं म्हणजे 'सध्या कुठे' ही भानगडच नको. हे सगळं जमतं. जे जमत नाही ते म्हणजे कुठे काय थाप मारली ते लक्षात ठेवणं. इकडे दाताच्या डॉक्टरकडे गेलो, तिकडे चुलत भावाचं लग्न. पुढच्या आठवड्यात कुणी आपुलकीने विचारतं 'काय, कसं झालं?' आणि आपण दाताचं उत्तर लग्नाला देतो.

गप्पीमासा:
>> दाताचं उत्तर लग्नाला
'थोडं दुखलं पण आता बरं आहे.' हसून हसून पुरेवाट!!

उंबरठा:
@तिरपागडं मग सोडलं का? पैसे तर डबल येत होते ना?

तिरपागडं:
येत होते. पण दोन्हीकडे मी 'ठीकठाक' माणूस झालो होतो. कुठल्याच डिझाइनच्या चर्चेत मी नाही, कुठलाही अवघड भाग अंगावर घ्यायचा नाही कारण तो लांबला तर दुसरीकडची बोंब. जाणूनबुजून मध्यम राहायचं. आजारी पडलो की दोन ठिकाणी रजा, दोन ठिकाणी हँडओव्हर. जे-टू ने ऑन-कॉल (रात्री-अपरात्री बिघाड झाला तरी धावायची पाळी) लावला त्याच आठवड्यात राजीनामा टाकला. बास, यापेक्षा मोठं काही कारण नाही.

पगारपत्रक:
मी पेरोलमध्ये काम करते, म्हणजे ज्या खिडकीतून हे दिसतं तिथेच बसते म्हणा ना. कसं कळतं हा प्रश्न आहे ना, तर पहिली गोष्ट, बहुतेक वेळा कुणी हेरगिरी करत नाही. कागदच बोलतात.
जर्मनीत दुसऱ्या नोकरीच्या पगाराला टॅक्स क्लास सहा लागतो. मालकाला पगार काढताना तो क्लास दिसतोच, आणि त्याचा अर्थ या माणसाची आणखी एक नोकरी आहे इतका उघड आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या नोकरीला सहसा बीआर हा टॅक्स कोड येतो, तिथेही पेरोलवाल्याला लगेच कळतं. भारतात पीएफचा यूएएन (खातेदाराचा कायमचा नंबर) माणसामागे एकच, दोन कंपन्यांनी एकाच महिन्याची वर्गणी भरली की नोंद कायमची राहते, आज कुणी बघितलं नाही तरी पुढच्या नोकरीच्या बॅकग्राउंड चेकला सर्व्हिस हिस्टरी मागतात तेव्हा दोन तारखा एकमेकींवर चढलेल्या दिसतात.
अमेरिकेत तर कहर झालाय. इक्विफॅक्स ही क्रेडिट ब्युरो कंपनी, तिचंच एक प्रॉडक्ट आहे द वर्क नंबर, त्यात असंख्य कंपन्या आपल्या लोकांच्या पगाराच्या नोंदी पाठवतात म्हणजे कर्ज देणाऱ्यांना नोकरीची खात्री करता यावी. २०२२ मध्ये इक्विफॅक्सने त्याच नोंदी वापरून स्वतःच्याच लोकांमधले दुहेरी नोकरीवाले शोधले आणि २४ जणांना काढलं. ज्या कंपनीचा धंदाच 'कोण कुठे नोकरी करतो' हे विकण्याचा, तिथे बसून दुसरी नोकरी करायची म्हणजे धाडसच म्हणायचं.
आणि भारतात टॅक्सचं वेगळंच. दोन्ही मालकांना तुम्ही एकमेकांबद्दल सांगत नाही, म्हणजे करमुक्त मर्यादा आणि खालचे स्लॅब दोघंही आपापल्या परीने तुम्हाला देऊन टाकतात. दोन्हीकडे कापलेला टॅक्स मिळून खऱ्या टॅक्सपेक्षा कमी भरतो. वर्षाच्या शेवटी रिटर्न भरताना एकदम मोठा आकडा निघतो, वर व्याज. लोक मला विचारतात 'पेरोलने चूक केली का?' नाही हो, पेरोलला तुम्ही सांगितलंच कुठे.

खुर्ची_टाकून:
मग फ्रीलान्स म्हणून बिल लावलं तर पीएफ-बिएफची भानगडच येत नाही ना?

पगारपत्रक:
पीएफची येत नाही. पण टॅक्स कापला की त्याची नोंद तुमच्या पॅनवर दिसतेच, आणि ती तुम्हाला दिसते, मालकाला आपोआप नाही. शिवाय करारात 'पूर्णवेळ कर्मचारी' म्हणून सही केलेली असेल तर बिल लावून तो करार काही बदलत नाही. बाकी करारातलं कलम_कसाई सांगतील, ते येतातच असल्या धाग्यावर.

कलम_कसाई:
आलो.
एक गैरसमज आधी काढू. 'दुसरी नोकरी बेकायदेशीर आहे' असं सरसकट कुठेच नाही. भारतात फॅक्टरीज ॲक्ट १९४८ चं कलम ६० होतं (तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झाला), कारखान्यातल्या कामगाराने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करू नये असं, पण ते कारखान्यांसाठी, घरी बसून कोड लिहिणाऱ्याला ते ओढूनताणूनच लावावं लागलं असतं. युरोपात तर उलट आहे, युरोपियन युनियनचं २०१९ चं डायरेक्टिव्ह आहे कामाच्या अटींबद्दल, त्यात मालकाला सरसकट बंदी घालता येत नाही, माणूस ठरलेल्या कामाच्या वेळेबाहेर दुसरीकडे काम करू शकतो. धंद्याची गुपितं, हितसंबंध, आरोग्य अशी ठोस कारणं असतील तरच मालक अडवू शकतो.
'वेळेबाहेर' हे दोनदा वाचा. जगात जिथे जिथे दुसऱ्या कामाला मोकळीक आहे तिथे ती वेळेबाहेरच्या कामाला आहे. संध्याकाळी शिकवण्या घेतो, शनिवारी कुणाचं अॅप बनवतो, ही एक जात. दहा ते सहा इकडे आणि तेच दहा ते सहा तिकडे, ही पूर्ण वेगळी जात. पहिलीला मूनलाइटिंग म्हणा. दुसरीत तुम्ही तोच तास दोघांना विकताय. धागाकर्ते, तुमचं हे दुसरं आहे.
मग अडकतं कुठे? फौजदारी वगैरे सहसा नाही, करारात. तीन जागा बघायच्या: पूर्णवेळ-अनन्य सेवेचं कलम, स्पर्धक कंपनीचं कलम, आणि बौद्धिक संपदेचं कलम. लोक पहिलं वाचून घाबरतात आणि तिसरं वाचतच नाहीत. खरं घाबरायचं असेल तर तिसऱ्याला घाबरा.

दुधारी:
थांबा थांबा. तोच तास दोघांना विकतो म्हणून माणूस चोर, बरं. मग सर्व्हिस कंपन्या काय करतात? मी स्वतः एका कंपनीत होतो (नाव जाऊ दे), माझं नाव दोन क्लायंटच्या बिलावर होतं, दोघांना सांगितलेलं की हा रिसोर्स पूर्ण तुमचा. दोन्ही क्लायंटचे कॉल मीच घ्यायचो, आणि एका कॉलमध्ये दुसऱ्या क्लायंटचं नाव काढायचं नाही अशी सक्त ताकीद. तेव्हा त्याला 'युटिलायझेशन' म्हणतात आणि मॅनेजरला त्यावर बोनस मिळतो. तेच मी स्वतःसाठी केलं की फसवणूक!
२०२२ च्या ऑगस्टमध्ये विप्रोच्या चेअरमननी ट्विट केलं की ही सरळसरळ फसवणूक आहे, सप्टेंबरमध्ये सांगितलं की स्पर्धकांकडे थेट काम करणारे ३०० जण सापडले आणि त्यांना काढलं. इन्फोसिसनेही तेव्हाच कर्मचाऱ्यांना मेल टाकली, दुहेरी आयुष्य चालणार नाही म्हणून. आणि त्याच सुमाराला स्विगीने मात्र पॉलिसीच आणली की परवानगी घेऊन बाहेरचं काम करा. पुढे इन्फोसिसनेही मॅनेजरच्या परवानगीने गिग काम (सुटी, तात्पुरती कामं) करा असं सांगितलं. म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही, बाजार कसा आहे ते बघून ठरतं.

कलम_कसाई:
दुधारी, तुमच्या त्या कंपनीने क्लायंटला पूर्णवेळ सांगून अर्धवेळ दिला असेल तर तीही फसवणूकच आहे. एकाची दुसऱ्यात वजा होत नाही. आणि ते ३०० 'स्पर्धकांकडे' होते, हा शब्द सगळे विसरतात.

दुधारी:
वजा होत नाही हे मान्य, पण उपदेश करायचा अधिकार तरी वजा होतो की नाही.

सांजवेळ:
टीम लीड म्हणून लिहिते. तत्त्वाचं तुम्ही दोघं बघा, मला रोजचं सांगायचंय.
आमच्याकडे एक होता. हुशार. इंटरव्ह्यूला सगळ्यात वरचा. सुरुवातीला छान चाललं, मग हळूहळू प्रत्येक गोष्टीला उत्तर दीड-दोन तासांनी यायला लागलं. पुल रिक्वेस्ट (लिहिलेला कोड तपासून घ्यायची विनंती) यायची पण दिवस संपताना, आणि त्यावर कॉमेंट टाकली की उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. प्रत्येक तिकीट (नेमून दिलेलं काम) 'जवळपास झालंय'. स्क्रीन शेअर कर म्हटलं की आधी थोडी शांतता, मग 'एक मिनिट हं'. एकेक गोष्ट घेतली तर काहीच नाही, कुणाचंही होऊ शकतं. मी सुरुवातीला घरी काही अडचण असेल म्हणून त्याची कामं कमी केली. कमी केलेली कामं कुणाकडे गेली? सगळ्यात ज्युनिअर मुलीकडे, जी नाही म्हणत नव्हती. ती रात्री अकराला ऑनलाइन दिसायची.
नंतर कळलं की तो आणखी एका ठिकाणी फुलटाइम होता. कंपनीचं काय गेलं ते कंपनी बघेल, मला त्या मुलीचे ते महिने खटकतात. तिला दोन पगार मिळाले नाहीत. त्यामुळे 'कंपनीला फसवलं तर काय झालं, कंपन्या तरी कुठे साव आहेत' हे मला पटत नाही, कारण भार कंपनीवर पडतच नाही, शेजारच्या खुर्चीवर पडतो.

तिरपागडं:
हे बरोबर आहे. माझं काम कुणाकडे जात होतं ते मला तेव्हा माहितीही नव्हतं.

दुधारी:
सांजवेळ, पटलं, पण एक विचारतो. धागाकर्ता म्हणतोय त्याचं काम दुपारीच संपतं. कुणावर भार पडत नाहीये. मग?

सांजवेळ:
मग त्याने लीडला सांगावं की काम संपलंय. मला माहितीये, सांगितलं तर आणखी काम मिळेल आणि पगार तेवढाच. हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

गप्पीमासा:
हिरव्या ठिपक्याला माउस जिगलर (माउस आपोआप हलवत राहणारं यंत्र) घ्या की, हाय काय नि नाय काय.

अर्धा_बिट:
गप्पीमासा, मी आयटी सपोर्टला आहे, हे ऐकून झोप उडते माझी. २०२४ मध्ये वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त लोक काढले, कारण काय तर कीबोर्ड चालू असल्याचा नुसता आभास निर्माण करत होते. यूएसबीला लावायचा जिगलर मशीनवर डिव्हाइस म्हणून उमटतो. माउस खाली फिरणारी तबकडी ठेवली तर डिव्हाइस दिसत नाही, पण पॉइंटर तासभर फिरतोय आणि एकही क्लिक नाही, एकही की नाही, हे ज्याला बघायचंय त्याला दिसतं.
पण खरं सांगू, मी पाहिलेली सगळ्यात मजेशीर केस यातली नाहीच. एका माणसाला दोन्हीकडे स्वतःचं मशीन वापरायची मुभा होती, त्याने एकाच लॅपटॉपवर दोन्ही कामं ठेवली. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, त्याच्या ग्लोबल सेटिंगमध्ये ईमेल जे-वन चा. जे-टू च्या रेपोत (कोडच्या साठ्यात) कमिट केलं, पुश केलं, मर्ज झालं, म्हणजे त्याचा कोड कंपनीच्या कोडमध्ये मिसळला. रिव्ह्यू करणाऱ्याने कोड बघितला, ऑथरची ओळ नाही बघितली. कितीतरी दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी एका बगचा माग काढायला ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) चालवलं, तर त्या ओळीपुढे भलत्याच कंपनीचा डोमेन. आता हे पुसायचं तर हिस्टरी नव्याने लिहून फोर्स पुश करावं (जुन्यावर जबरदस्तीने नवं चढवावं) लागतं, आणि मेन ब्रँचवर फोर्स पुश बंद. परवानगी मागायला कारण काय सांगणार?

उंबरठा:
बापरे. दोन मशीन वेगळी ठेवली तर हा प्रश्न नाही ना पण?

अर्धा_बिट:
हा नाही. दुसरे येतील. वायफाय एकच, फोन एकच, आणि माणूस पण एकच. एका विंडोतला मेसेज दुसऱ्या विंडोत पेस्ट होतो ते तर सगळ्यात कॉमन.
आणि आता दिवस बदललेत. उत्तर कोरियाचे आयटीवाले खोट्या ओळखीने अमेरिकन कंपन्यांत रिमोट नोकऱ्या करत होते ते प्रकरण माहिती असेल. ॲरिझोनातल्या एका बाईने घरी लॅपटॉपची रांग लावून ठेवली होती, म्हणजे माणूस अमेरिकेतच बसलाय असं वाटावं. ३०० हून जास्त कंपन्या फसल्या, जुलै २०२५ मध्ये तिला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. तुमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण अशा प्रकरणांमुळे कंपन्या आता लॅपटॉप कुठल्या पत्त्यावर आहे, कुठल्या नेटवरून लॉगिन होतंय, त्यावर रिमोट कंट्रोलचं काही लावलंय का, कॅमेऱ्यात दिसणारा माणूस इंटरव्ह्यूचाच आहे का हे बघायला लागल्यात. जाळं टाकलंय दुसऱ्याच माशासाठी, अडकतो दोन पगारवाला.

खुर्ची_टाकून:
त्याच जुलैत तो स्टार्टअपवाल्या इंजिनिअरचा गोंधळ झाला ना? एका फाउंडरने एक्सवर लिहिलं की हा माणूस एकाच वेळी बऱ्याच स्टार्टअपमध्ये काम करतोय, सावध राहा, आणि खाली धडाधड 'अरे आमच्याकडे पण' 'आम्ही कालच घेतला' असे रिप्लाय. नंतर त्याने मुलाखतीत कबूलही केलं.

दुधारी:
त्यात मला गंमत वेगळीच वाटली. निम्मे फाउंडर म्हणत होते की इंटरव्ह्यूत याच्यासारखा कुणी नव्हता. म्हणजे तुमची निवडीची पद्धत इंटरव्ह्यू देण्यात पटाईत माणूस शोधते, काम करणारा नाही. त्याने फक्त ते ओळखलं.

सांजवेळ:
हे मात्र शंभर टक्के. आमचाही तसाच आला होता.

वाचनमात्र_२:
अवांतर: ज्यांना एका नोकरीत घर चालत नाही म्हणून दोन करतात, डेटा एन्ट्री, कस्टमर सपोर्टवाले, त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. सगळी चर्चा चांगल्या पगाराच्या डेव्हलपरांची. माझी बहीण दिवसा एका ठिकाणी चॅट सपोर्ट करते आणि रात्री दुसऱ्या, दोन्हीकडे हेडसेट काढला की मिनिटं मोजतात, तिला हिरवा ठिपका राखत बसायची चैन नाही.

कलम_कसाई:
अवांतर नाही हे. आणि तिची वेळ वेगवेगळी आहे, म्हणजे ती मूनलाइटिंगच्या जातीत. पण बऱ्याच देशांत एकूण तासांवर मर्यादा असते, जर्मनीत तर दोन्ही मालकांकडचे तास एकत्र मोजतात. कायदा तिच्या तब्येतीसाठी आहे, पण तासांवर मर्यादा आणि पगार तोच, त्यामुळे लोक लपवतात.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो. दुसऱ्या कंपनीला सरळ विचारलं की फुलटाइम जमणार नाही, आठवड्याला ठरावीक तास, माझ्या संध्याकाळी, कॉन्ट्रॅक्टवर चालेल का. मला वाटलं ऑफरच जाईल. ते म्हणाले बघू, आणि दोन दिवसांनी कॉन्ट्रॅक्टचा मसुदा आला. पैसे अर्थातच निम्म्याहून कमी. पहिल्या कंपनीत परवानगीचा फॉर्म आहे असं एचआरच्या पानावर सापडलं, कुणी कधी भरलेला दिसत नाही.

दुधारी:
फॉर्म भरलास की तुझं नाव यादीत. पुढच्या कपातीला पहिला नंबर. मी सांगून ठेवतो.

पगारपत्रक:
असं होतं कधीकधी, खोटं नाही बोलणार. पण न भरता सापडलात तर यादीची गरजच पडत नाही.

कलम_कसाई:
उंबरठा, फॉर्मच्या आधी मसुद्यातलं बौद्धिक संपदेचं कलम काढून बघा, म्हटलं होतं ना तिसऱ्याला घाबरा. 'कराराच्या काळात केलेलं सर्व काम, कामाच्या वेळेत असो वा नसो, कंपनीच्या साधनांवर असो वा नसो' असं काही आहे का? आणि मग तुमच्या सध्याच्या नोकरीच्या करारात तेच कलम शोधा. दोन्हीकडे तीच वाक्यं असतील तर संध्याकाळी लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर दोन मालक हक्क सांगू शकतात, आणि दोघांनाही तुम्ही सही करून दिलेली असेल.

उंबरठा:
नव्यात 'या कामासंदर्भात' एवढंच आहे. जुन्यात... थांबा, पीडीएफ उघडतोय. हो. 'कामाच्या वेळेत असो वा नसो' शब्दशः आहे.

कलम_कसाई:
मग परवानगीच्या फॉर्ममध्ये नुसतं 'बाहेरचं काम करतो' लिहू नका. कुठलं काम, कुणासाठी, आणि त्यातून तयार होणाऱ्या कोडवर कंपनीचा हक्क नाही, हे वाक्य त्यांच्याकडून लेखी घ्या. ईमेलवर आलं तरी काही नसण्यापेक्षा बरं. नाही म्हणाले तर नव्या मसुद्यावर सही करू नका. वाक्य लिहिताना अडलात तर नावं खोडून इथे टाका, बघतो.